जिन्याला मंजूर झालेला सूर्य

छपरावर सौर पॅनेल बसवायची यावर इमारतीतल्या नऊच्या नऊ घरांचं अकरा मिनिटांत एकमत झालं, तेव्हाच खरं तर भिंगरीला शंका यायला हवी होती. याच नऊ घरांना फाटकाचा रंग ठरवायला पावणेदोन वर्षं लागली होती, आणि शेवटी डावं दार हिरवं, उजवं करडं असा न्याय झाला होता. पण भिंगरी पंधरा वर्षांची होती, शाळेच्या वादविवाद स्पर्धेत नुकतीच पहिली आली होती आणि त्या दिवसापासून तिचा आवाज काही खाली उतरलेला नव्हता. गच्चीवर अंथरलेल्या सतरंजीवर ती सगळ्यांच्या पुढे बसली होती, इतिहास घडताना बघायला.

तिचे बाबा इमारतीचे सेक्रेटरी. हे पद त्यांनी मागितलं नव्हतं. ज्या सभेत सेक्रेटरी निवडला गेला, त्या सभेला ते उशिरा पोचले होते, एवढंच.

तर एकमत झालं, टाळ्या झाल्या, आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी खाकरून विचारलं की खर्च कुणी किती द्यायचा. तिथून पुढे गच्चीवर बोलणं ऐकू येईना. ज्यांचं घर मोठं आणि माणसं दोन, ते म्हणत होते, माणशी घ्या. ज्यांचं घर लहान आणि माणसं सात, ते म्हणत होते, घरटी घ्या. तिसऱ्या मजल्यावरचे पैलवान, ज्यांच्याकडे दोन एसी होते आणि जे गेल्या वीस वर्षांत कुणाशी कुस्ती खेळले नव्हते, त्यांचं म्हणणं की मजल्यांप्रमाणे घ्या आणि वर जाल तसं कमी करत जा, कारण छपराचं ऊन आजवर त्यांनीच सोसलंय. कुलूपवाले फोनवरून सभेला हजर होते. त्यांचं घर वर्षातले नऊ महिने बंद असायचं, म्हणून हे नाव. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की जो माणूस तिथे राहतच नाही, त्याला सूर्याचा काय उपयोग. यावर मास्तर म्हणाले की घर विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत सूर्य पहिल्या ओळीत घालाल की. फोनचं नेटवर्क नेमकं त्याच वेळी गेलं.

थोडक्यात, न्यायाबद्दल प्रत्येकाची कल्पना स्पष्ट होती आणि ती प्रत्येकाच्या उंबऱ्यापाशी संपत होती.

अशा वेळी भिंगरी उभी राहिली. स्पर्धेत उभी राहिली होती तशीच, एक हात पाठीमागे घेऊन. ती म्हणाली, "ज्याचा जेवढा वापर, तेवढा त्याचा वाटा. पुढच्या महिन्यात प्रत्येकाच्या मीटरवर जितकी युनिटं पडतील, त्या प्रमाणात खर्च वाटायचा. मीटर कुणाचा काका नाही की मामा नाही."

मग पैलवानांनी मान डोलावली, मास्तरांनी "पोरगी हुशार आहे" असा शेरा मारला, आणि बाबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. सगळ्यांत जास्त आनंद झाला तो तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंना. त्या एकट्या राहायच्या, दोन विजेच्या मशीनवर आणि एका जड इस्त्रीवर शाळेचे गणवेश शिवून द्यायच्या. त्यांचं सगळं काम दिवसाउजेडी. सूर्य आणि त्या बरोबरच कामाला लागत. सहा महिन्यांपूर्वी पॅनेलची गोष्ट पहिल्यांदा काढली होती तीही त्यांनीच, कारण विजेचं बिल दरमहा त्यांच्या कमाईतला मोठा घास घेत होतं. आता जाताना त्यांनी भिंगरीच्या गालाला हात लावला आणि मीटरवर वापर चांगला दिसेल, मग पॅनेलही चांगलं मोठं मिळेल, असं काहीतरी हसत हसत म्हणाल्या.

भिंगरीनं त्याच संध्याकाळी सुवाच्य अक्षरात नोटीस लिहून जिन्याखाली चिकटवली. पहिल्या तारखेपासून मोजणीचा महिना सुरू होत असून सर्वांनी नेहमीसारखीच वीज वापरावी, ही विनंती. खाली दोनदा रेघ ओढली.

पंधरा दिवस आधी नोटीस लावून कुणाला नेहमीसारखं वागायला सांगू नये, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतं. असायला हवं.

पहिल्या तारखेला सकाळी भिंगरीच्या स्वतःच्या घरातला गिझर बंद होता. आई म्हणाली, गार पाण्यानं त्वचा चांगली राहते. दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद, त्यानं डोळे चांगले राहतात. तिसऱ्या दिवशी फ्रिजला टाळं, म्हणजे प्लग काढलेला आणि आईचा चेहरा असा की आता काय चांगलं राहतं ते विचारू नकोस. बाबांनी या सगळ्याचा तत्त्व म्हणून निषेध केला. सेक्रेटरीच्या घरानं आदर्श घालून दिला पाहिजे, असं ते जेवताना दोनदा म्हणाले. मात्र रोज ऑफिसला जाताना त्यांची बॅग फुगलेली असायची. चौथ्या दिवशी ती उघडीच राहिली, तेव्हा आतून तीन फोन, दाढीचं मशीन आणि घरातली चार्जिंगची बॅटरी असा सगळा परिवार चार्ज व्हायला निघालेला दिसला.

पण जिन्याचा शोध मास्तरांचा. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक प्लग होता, कधी काळी रंगकाम करणाऱ्यांसाठी बसवलेला. तो जिन्याच्या दिव्यांसारखाच सामाईक मीटरवर, म्हणजे कुणाच्याच घराच्या नावावर नाही. मास्तरांनी तिथे स्टूल टाकलं, टेबललॅम्प लावला आणि शांतपणे पेपर वाचायला बसले. एका निवृत्त माणसाला हवा कुठली चांगली लागते यावर कुणी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी पैलवान बनियनवर, टेबलफॅन काखेत घेऊन आले. तिसऱ्या दिवशी तिथे एक लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड उगवला. तो कुणी आणला हे आजतागायत कळलेलं नाही. पण त्याला आठ भोकं होती, आणि शिंपीणकाकू सोडल्या तर इमारतीत घरंही आठच होती.

मग काय विचारता. जिन्यात मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, शेगड्या आल्या. कुणाचं पाणी उकळतंय, कुणाचे केस वाळताहेत, कुणाचा लॅपटॉप पायरीवर उघडा आणि त्याच्यासमोर गळ्यापर्यंत शर्ट, खाली लुंगी अशी ऑफिसची मीटिंग चाललीय. आठव्या दिवशी मास्तरांनी वेळापत्रक लावलं, कारण शिस्त नसली तर माणसाचं जनावर होतं. इस्त्री सात ते आठ, मिक्सर आठ ते नऊ, संकीर्ण नऊनंतर. कुलूपवाल्यांचं भोक रिकामं राहतं म्हणून त्यावर पैलवानांनी दुसरा पंखा लावला.

भिंगरी शाळेतून आली ती दप्तरासकट थबकली. रांगेत तिसरा नंबर तिच्या आईचा होता, हातात मिक्सरचं भांडं. भिंगरी म्हणाली की आई, नोटिशीत काय लिहिलं होतं. आई अजिबात न बावरता म्हणाली, "नेहमीसारखीच वापरतेय गं. फक्त जागा बदललीय."

आणि गंमत अशी की जिना इतका गजबजलेला, इतका आनंदी भिंगरीनं कधी बघितला नव्हता. वर्षानुवर्षं जी माणसं दाराच्या फटीतून एकमेकांना बघत होती, ती आता तासन्‌तास पायऱ्यांवर बसून एकमेकांची खडान्‌खडा माहिती काढत होती. पैलवानांचा दुसरा एसी कितीला पडला, मास्तरांच्या पेन्शनीत काय वाढ झाली, कुलूपवाल्यांनी दुसरी गाडी कुठली घेतली. भिंगरीच्या मनात राग आणि कुतूहल यांची कुस्ती चालू होती आणि पैलवान शेजारीच बसलेले असूनही ती कुणी सोडवत नव्हतं.

फक्त शिंपीणकाकू जिन्यात आल्या नाहीत. त्यांची दोन्ही मशीनं घरातच खडखडत राहिली. गणवेशांचा हंगाम होता, थांबून चालणार नव्हतं. भिंगरीनं एकदा चाचरत विचारलं की काकू, सगळेच जातात, तर तुम्ही निदान इस्त्री तरी तिकडे. काकूंनी दातातली टाचणी काढली आणि म्हणाल्या, "सगळ्यांच्या प्लगवर माझं पोट कशाला भरू?" आणि पुन्हा टाचणी दातात धरली. म्हणजे विषय संपला.

तीस तारखेला भिंगरीनं मास्तरांना साक्षीला घेऊन मीटर वाचली. आठ घरं मिळून शहाण्णव युनिटं. एकट्या शिंपीणकाकूंची दोनशे दहा. जिन्याची सहाशे चाळीस. तिनं वहीत भागाकार केला, पुसला, परत केला. तिच्याच सूत्रानं खर्चाचे शंभर वाटे पाडले, तर त्यातले जवळजवळ एकोणसत्तर शिंपीणकाकूंच्या वाट्याला येत होते. कुलूपवाल्यांना शून्य. शिवाय जिन्याचं बिल नऊ घरांत समान वाटायचा नियम, म्हणजे पैलवानांच्या दोन पंख्यांचा नववा हिस्साही काकूच भरणार. गणितात चूक नव्हती. तेच तर वाईट होतं.

तिनं आकडा कुणाला सांगितला नाही. पण मास्तरांनी साक्ष दिली होती, आणि मास्तरांनी साक्ष दिलेली गोष्ट इमारतीत तासाभरात सर्वांना पाठ होते. संध्याकाळी काकूंनी भिंगरीला हाक मारली. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गणवेशाची कॉलर उलटवत म्हणाल्या, "मला वगळ गं यातून. तुझं गणित बरोबर आहे, माझी ऐपतच चुकीची आहे."

भिंगरी जिना चढून वर आली. घरात येऊन तिनं वादविवादाचा करंडक फडताळात मागे सरकवला आणि पुढे डबे लावले.

तोवर बाबांनी एक पराक्रम करून ठेवला होता. वीज कचेरीचा अर्ज त्यांनी तत्परतेनं धाडला होता, आणि अर्जात लगतच्या महिन्याचा वापर लिहायचा होता म्हणून तोच लिहिला होता. आठवड्यात उत्तर आलं. ते बाबांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग आईला वाचायला दिलं. घरांचा वापर नगण्य असल्यामुळे घरांसाठीची मागणी फेटाळण्यात येत होती. मात्र जिन्याचा वापर लक्षणीय असल्यामुळे सौर पॅनेल जिन्याला मंजूर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा अर्धी रजा टाकून कचेरीत गेले आणि भिंगरीही हट्टानं बरोबर गेली. चार नंबरच्या खिडकीनं सातकडे पाठवलं. सात नंबरनं परत चारकडे पाठवलं. बाबा चारवर पोचले तेव्हा तिथला माणूस सातवर चहा प्यायला गेला होता. शेवटी दोघं साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी फाइल उघडली आणि बाबांकडे चष्म्यावरून पाहिलं. "दोन दिवे आणि एक पंप असलेला जिना महिन्याला सहाशे चाळीस युनिटं खातो? तिथे काय कारखाना आहे का?"

बाबा म्हणाले, जिना जरा मोठा आहे.

साहेब सज्जन होते म्हणून हसले नाहीत, पण त्यांच्या शेजारचा कारकून खुर्चीसकट पलीकडे वळला. मग साहेबांनी मार्ग सांगितला. गेल्या वर्षीचा खरा वापर कचेरीच्या दप्तरात आहेच, तो धरता येईल; पण मागच्या महिन्यात काय झालं याचा लेखी खुलासा हवा. छप्पर सगळ्यांचं, म्हणून नऊच्या नऊ घरांच्या सह्या आणि कुणाचा किती वाटा तेही लिहून हवं. एक जरी सही कमी पडली तर प्रकरण बंद. आणि हे सगळं सोमवारी पाचच्या आत, कारण त्यानंतर पॅनेलवरची सरकारी सवलत संपते.

बाबा घरी येऊन खुलासा लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात "तांत्रिक कारणास्तव" होतं, दुसऱ्यात "हवामानामुळे". तिसरा त्यांनी फाडला. चौथ्यात सरळ लिहिलं की आमच्या सभासदांनी आपापला वाटा कमी दिसावा म्हणून स्वयंपाकघरं जिन्यात हलवली होती, त्यात निम्नस्वाक्षरीकाराचं कुटुंबही होतं. सही करताना त्यांचा चेहरा असा झाला होता की आईनं न मागता चहा आणून ठेवला.

म्हणजे काकूंशिवाय काहीच होणार नव्हतं. आणि भिंगरीच्या सूत्रानं काकू राहू शकत नव्हत्या. शनिवारभर ती जिन्यातल्या एका पायरीवर हनुवटी टेकून बसली. बोर्ड अजून तिथेच होता, कारण सवय मोडायला वेळ लागतो. तिच्या डोक्यावरून गप्पा चालल्या होत्या. मास्तर पैलवानांच्या ऐपतीबद्दल आईला सांगत होते. थोड्या वेळानं मास्तर उठून गेले, तर पैलवान मास्तरांच्या ऐपतीबद्दल सांगू लागले. दोघांचेही अंदाज इतके नेमके होते की कर गोळा करणाऱ्या खात्यानं वहीत टिपून घ्यावेत. आणि शिंपीणकाकूंचा विषय निघाला की दोघंही आवाज खाली आणून एकच वाक्य म्हणत होते: तिचं कसं भागतं ते तिलाच माहीत.

भिंगरी एकदम उभी राहिली. आईच्या भांड्याला धक्का लागला, पण तिचं लक्षच नव्हतं. स्वतःबद्दल विचारलं की माणूस आकसतो. शेजाऱ्याबद्दल विचारा, काय फुलतो.

रविवारी सकाळी गच्चीवर सभा. भिंगरीनं प्रत्येक घराला आठ चिठ्ठ्या दिल्या. अट एकच: स्वतःचा वाटा लिहायचा नाही. शंभर वाट्यांपैकी बाकीच्या आठ घरांना, ओढाताण न होता, किती झेपेल ते लिहायचं. खाली आपलं नाव घालायचं नाही. मग प्रत्येकाच्या आठ आकड्यांची सरासरी, तोच त्याचा वाटा. कुलूपवाल्यांनी आपले आकडे फोनवरून बाबांच्या कानात सांगितले. इतकं मन लावून ती माणसं परीक्षेलाही बसली नसतील. पैलवान हातानं चिठ्ठी झाकून लिहीत होते.

भिंगरीनं बेरीज केली आणि वाचायला सुरुवात केली. कुलूपवाले, अडतीस. फोनमधून आधी एक खोकला आला आणि मग "हरकत नाही" आलं. पैलवान, एकतीस. पैलवानांची छाती आधी फुगली, मग त्यांना आकड्याचा अर्थ लागला. बाबा, एकोणीस. बाबा आईकडे वळून कुजबुजले की माझा पगार यांना कुणी सांगितला, आणि आईला अचानक दूरवरच्या पाण्याच्या टाकीत रस वाटू लागला. मास्तर, सतरा.

"सतरा?" मास्तर उठलेच. "हे कुणी लिहिलं?"

"मास्तर, झेपत नसेल तर सांगा," पैलवान मायेनं म्हणाले. "आम्ही वाटून घेऊ."

"झेपत नाही असं कोण म्हणालं? सरासरी कशी काढली, एवढंच विचारतोय," असं म्हणून मास्तर खाली बसले.

बाकी चार घरांचं मिळून त्रेचाळीस. कुणी तक्रार करेना. करणार कशी? तक्रार करायची म्हणजे आपण शेजारी समजतात तेवढे सुस्थितीतले नाही, हे शेजाऱ्यांसमोरच कबूल करायचं. तेवढं धैर्य त्या गच्चीवर कुणाकडे नव्हतं. शेवटचं नाव राहिलं होतं. तिनं आठ चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या आणि वाचलं, शिंपीणकाकू, शून्य. आठही जणांनी शून्यच लिहिलंय.

काकू उभ्या राहिल्या. भिंगरीला वाटलं, आता त्या हसतील किंवा रडतील. पण त्यांचा आवाज इस्त्रीसारखा सपाट होता. "माझी मशीनं त्या छपरावर चालणार आणि वाटा शून्य? मग उद्या कुणी पॅनेलवर गोधडी वाळत घातली तर मी कुठल्या तोंडानं बोलू? पाच लिही."

"पण काकू, लागतच नाहीयेत," भिंगरी म्हणाली. "शंभर हवे होते, एकशे अठ्ठेचाळीस झालेत."

"माझे पाच धरून किती?"

"एकशे त्रेपन्न."

"मग ते शंभरावर आण आणि सगळ्यांचं त्या मानानं कमी कर. माझंही. ना एक कण जास्त, ना कमी."

भिंगरीनं भागाकार केला. काकूंचे सव्वातीन होत होते. काकूंनी मान हलवली, पदरात हात पुसला आणि कागदावर सगळ्यांत आधी सही केली. त्यांच्यानंतर सहीसाठी रांग लागली, आणि या वेळी मास्तरांनी वेळापत्रक लावलं नाही. आपला वाटा कमी झाल्याचा आनंद लपवायची जी धडपड प्रत्येकाच्या चेहऱ्यावर चालली होती, ती बघायला भिंगरीनं दुप्पट वाटा दिला असता. कुलूपवाल्यांनी आपल्या मेहुण्याला सही करायला पिटाळलं. तो सोमवारी दुपारी साडेतीनला पोचला.

पाचला दहा कमी असताना बाबा आणि भिंगरी धापा टाकत साहेबांसमोर उभी होती. साहेबांनी खुलासा वाचला. मग कारकुनाला वाचायला दिला आणि तो पलीकडे वळेपर्यंत वाट पाहिली. सह्या मोजल्या, नऊ. वाटे तपासले, शंभर. मग त्यांचं बोट अर्जातल्या एका रकान्यावर थांबलं. वाटणीचा निकष: क्षेत्रफळ, वापर, समान, लागू नसेल ते खोडा. हा रकाना कोराच राहिला होता. बाबांनी पेन काढलं आणि हवेत धरून ठेवलं.

भिंगरीनं ते त्यांच्या हातातून घेतलं, तिन्ही शब्द खोडले आणि बाजूला लिहिलं: शेजाऱ्यांचं मत.

साहेबांनी ते दोन शब्द दोनदा वाचले. मग त्यांनी दाराकडे एक नजर टाकली, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले की आमच्या वसाहतीतही गेले आठ महिने छपरावरून भांडण चाललंय, तर या चिठ्ठ्यांचं नेमकं कसं केलंत, जरा नीट सांगता का.

भिंगरीनं एक हात पाठीमागे घेतला.

"आधी शिक्का मारा, साहेब," ती म्हणाली. "मग सांगते."